नखभर वर

"आणि हे कोण?" पाहुण्यांपैकी एकाने विचारलं.

मुकादम खांद्यावर फावडं घेऊन रोपवाटिकेच्या दारात उभा होता. दुसऱ्या मळ्यावरची सात-आठ माणसं कॉफीची रोपं बघायला आली होती, आणि त्यांनी अशी दाटी केली होती की आत राहिलेली आपली पाण्याची बाटलीही त्याला घेता येईना. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, तोवर पिशव्यांत माती भरणारी एक मुलगी बोलून मोकळी झाली.

"हे होय? हे बाईंचे मिस्टर."

पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि ते परत बाईंच्या हातांकडे वळले. एकतीस वर्षं या डोंगरावर खड्डे खणणारा, ज्याच्या हाताखालून चाळीसेक हजार झाडं जमिनीत गेली तो मुकादम एका शब्दात आटोपला.

बाई म्हणजे त्याची बायको. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला बाईच म्हणत. रोपवाटिकेच्या दारावर पाटी होती, तिच्यावरही 'बाईंची रोपवाटिका' असंच लिहिलेलं होतं. मुकादमाला तोंडावर मुकादम म्हणत आणि पाठीमागे खड्डेमास्तर. हे त्याला ठाऊक होतं, कारण पाठीमागचं ऐकायला त्याचे कान नेहमीच तयार असत.

बाई पाहुण्यांना रोप पिशवीत कसं लावायचं ते दाखवत होती. वाळूच्या वाफ्यात कॉफीचं बी उगवतं ते डोक्यावर दाण्याची टोपी घालूनच वर येतं. हे टोपीवालं रोप अलगद उपसायचं, मातीच्या पिशवीत खुंटीने भोक पाडायचं आणि मूळ आत सोडायचं. मुळाचं टोक तळाला टेकलं की रोप नखभर वर ओढायचं. त्या नखभरात आत मुडपलेलं मूळ सरळ होतं. मग दोन बोटांनी माती दाबायची. सांगायला एवढंच आहे. पण मूळ तळाला टेकलं हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटालाच कळावं लागतं, आणि ते कळण्यातच सगळी गंमत असते.

बाई हे सगळं पाहुण्यांशी हसत-बोलत, हाताकडे न बघता करत होती. पाहुणे थक्क झाले. एक जण म्हणाला, बघतसुद्धा नाहीत हो या. दुसरा म्हणाला, हाताला गुण असावा लागतो, शिकवून येत नाही. मुकादमाच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओळखीचंच होतं. बावीस वर्षं दुखत होतं.

पाहुणे गेल्यावर बाईने लावून दाखवलेली तीन रोपं उचलून त्या मुलीकडे दिली आणि ही नीट लावून ठेव म्हणून सांगितलं. मुलीने ती उपसली आणि पुन्हा लावली. हे मुकादमाने याआधीही दोन-चारदा बघितलं होतं. राणीसाहेब फक्त पाहुण्यांपुरत्या हात लावणार आणि खरं काम पोरींनी करायचं, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता. तो बाटली घेऊन बाहेर पडला.

हे त्याचं दुखणं एकदम सुरू झालेलं नव्हतं. बायकोला मळ्यावर कामाला त्यानेच लावलं होतं. माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची, गोळा टिकला तर चिकट, सुटला तर हलकी, आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर कॉफीला मानवणारी, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. मातीचा वास घ्यायलाही त्यानेच शिकवलं. पहिली काही वर्षं ती मुकादमाची बायको होती. मग जुन्या मालकांनी दारावर ती पाटी लावली, आणि त्या दिवसापासून तो बाईंचा मिस्टर झाला. त्यांना मुलगी झाली तेव्हाही बघायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, आईचे हात घेतलेत हो पोरीने. बापाचं काय घेतलंय ते कुणी बघितलं नाही.

त्याच्या कामाचं दुर्दैवच असं होतं. रोप लोकांना दिसतं, झाड दिसतं, लाल फळांनी लगडलेली फांदी तर लांबूनही दिसते. खड्डा कोण बघणार? तो जितका चांगला, तितका दिसेनासा होतो. वरची काळी माती एका अंगाला, खालची पिवळी दुसऱ्या अंगाला काढून ठेवायची, खड्डा महिनाभर उन्हात उघडा टाकायचा, आणि भरताना काळी माती पालापाचोळ्याच्या खतात मिसळून आधी तळाला घालायची, म्हणजे मुळांना खाली जायची ओढ लागते. हे सगळं जीव तोडून करायचं आणि शेवटी त्यावर माती लोटून द्यायची. कधी कुणी 'वा, काय खड्डा आहे' म्हणालेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

एक दगड तेवढा होता. या मळ्यावरची रीत अशी, की नव्या डोंगराला पहिलं भरघोस पीक आलं की डोंगराच्या माथ्यावर एक दगड उभा करायचा आणि ज्याने तिथले खड्डे खणले त्याचं नाव त्याच्यावर रंगवायचं. मग तो डोंगर त्याच नावाने ओळखला जातो. मुकादमाने आजवर खणलेले सगळे डोंगर जुने होते, मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावलेले, आणि त्यांच्या दगडांवर आधीच्या मुकादमांची नावं होती. अगदी कोरा असा वरचा डोंगर तेवढा त्याच्या वाट्याला आला होता. बाराशे झाडं. तीन वर्षांपूर्वी लागवड झाली, यंदा पहिलं भरघोस पीक धरलं होतं, आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. दगड चुना लावून तयार होता. मुकादम रोज जाता-येता त्याच्याकडे बघून घेई आणि मनातल्या मनात अक्षरांची जागा ठरवी.

आणि नेमकी त्याच डोंगरावरची झाडं पिवळी पडायला लागली.

आधी दहा-बारा पडली, मग शंभर, मग मोजायचं कारणच राहिलं नाही. फळं हिरवीच, पण पानं पिवळी. दुपारी माना टाकायची. हाताने ढकललं तर झाड बुंध्यापासून हलायचं, जमिनीत त्याला धरायला काही नसल्यासारखं. मुकादमाने साहेबांना सांगितलं, माती आंबट झाली असेल, चुना टाकू या. चुना टाकला. काही झालं नाही. मग तो म्हणाला, जमिनीतच काही खोट असेल. यावर गडी आपापसांत म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. त्या वर्षी लागवडीची घाई होती, खड्डे उथळ खणले असतील, तळाला खडक लागला म्हणून सोडून दिले असतील, असं बोललं जाऊ लागलं. खणताना जे गडी त्याच्याबरोबर होते, ज्यांना त्याने दीड फुटाला दोन बोटं कमी म्हणून पुन्हा खड्ड्यात उतरवलं होतं, तेही काही बोलेनात. मुकादमाची खाष्ट जीभ त्यांनी खूप सोसली होती.

पाहुणे येऊन गेले त्याच दिवशी साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, की उद्या दहा वाजता माती तपासणाऱ्या मॅडम येतील, त्यांच्यासमोर पाच झाडं उपटायची. खड्ड्यात दोष निघाला तर दगडाचं विसरा. साहेब हे शांतपणे म्हणाले, आणि शांतपणे म्हणाले म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी घरी बाईने चुलीवरचं उकळतं पातेलं फडक्याशिवाय दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. वाटिकेतल्या मुली तिच्या या गोष्टीचंही कौतुक करत. बाईंच्या हातांना चटका म्हणून लागत नाही, म्हणत. मुकादमाने ते बघितलं आणि तोंड फिरवलं. घरात प्रेक्षक नसतानाही हिचा तोरा संपत नाही, असं त्याला वाटलं. कॉफी ओतताना ती म्हणाली, "उद्या मीही येते वर."

"तुझं काय काम तिथे?"

"असंच. बघायला."

बघायला. माझी फजिती बघायला, असं त्याने मनात वाक्य पुरं केलं आणि कॉफी न पिताच उठला.

सकाळी उजाडल्याबरोबर तो एकटाच वरच्या डोंगरावर गेला. लोकांसमोर काय निघणार ते आपल्याला आधी कळायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एका कडेचं पिवळं झाड त्याने निवडलं, भोवतीची माती हातभर अंतरावरून सैल केली आणि कुदळ न लावता नुसत्या हातांनी आत शिरला.

माती लोण्यासारखी मऊ निघाली. तीन वर्षांनंतरही भुसभुशीत, काळी, गांडुळांनी भरलेली, आणि थेट तळापर्यंत तशीच. दीड फूट, वर दोन बोटं जास्तच. बारीक मुळं चहूकडे पसरली होती, त्यांना कुठे दगड नाही, कुठे चिकण मातीचा थर नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने झाड बाहेर काढलं, बुंध्याखालची माती झटकली, आणि बघत राहिला.

सोटमूळ नव्हतंच. म्हणजे होतं, पण बुंध्याखाली दोन बोटांवर ते मुडपून, गळासारखं वळून पुन्हा वर आलेलं होतं आणि तिथेच जाड होऊन त्याची गाठ झाली होती. झाड तीन वर्षं वरवरच्या बारीक मुळांवर जगलं. फळांचा भार आला तेव्हा त्याला खालून पाणी आणायला कुणी नव्हतं.

मूळ कुठे वळलंय त्यावरून ते कुणी वळवलं हे सांगता येतं. एकदम खाली, वीतभर खोल वळलं असेल तर खड्ड्यात लावणाऱ्याची चूक. दोन बोटांवर वळलं असेल तर टोपीवालं रोप पिशवीत लावणाऱ्याची. म्हणजे वाटिकेची.

मुकादमाला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला. त्याने आणखी एक झाड उकरलं, मग तिसरं. तिन्ही तशीच. तो तिथेच मातीत बसून एकटाच हसला. बावीस वर्षं तो जे म्हणत आला होता, 'त्यात काय एवढं मोठं, मीसुद्धा लावीन', आणि ज्यावर मुली तोंडाला पदर लावून हसत, त्याचा हा पुरावा होता. हाताला गुण म्हणे. त्याने तिसरं झाड गोणपाटात गुंडाळलं आणि डोंगर उतरायला लागला. वाटेत काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती. आधी काहीच बोलायचं नाही. नुसतं झाड समोर ठेवायचं आणि कॉफी मागायची.

अर्ध्या वाटेवर त्याच्या मनात आलं, इतर डोंगरांवर हिचीच रोपं आहेत, ती कशी धडधाकट उभी आहेत? मग आपल्याच डोंगराला अशी का? आणि हा विचार आला तसा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने मुद्दाम केलं. नवऱ्याचा दगड हिला सहन झाला नसता. एकाच घरात दोन पाट्या कशाला, असं वाटलं असणार. माणूस ज्या रोगाने स्वतः आजारी असतो तोच त्याला दुसऱ्यात दिसतो, पण हे त्याला त्या वेळी कोण सांगणार.

बाई चुलीपाशी बसली होती. त्याने गोणपाट तिच्यासमोर उघडलं. ठरवलेलं सगळं तो विसरला.

"माझ्याच डोंगराला का?" त्याने विचारलं.

तिने झाडाकडे बघितलं. हात लावला नाही.

"बाकीच्यांची रोपं सरळ, आणि माझीच वाकडी. पोरींनी लावली असती तर बरी निघाली असती."

"हो," ती म्हणाली. "पोरींनी लावली असती तर बरी निघाली असती. तुमच्या डोंगराच्या रोपांना मी कुणाला हात लावू दिला नाही."

त्याला एकदम आठवलं. त्या वर्षी ती ओळीने पाच-सहा सुट्ट्यांना वाटिकेत जात होती. सगळ्यांची सुट्टी आणि हिला कामाचा पुळका, म्हणून तो चिडला होता, दोन दिवस बोललाही नव्हता. सुट्टीच्या दिवशी वाटिकेत कुणी नसे. बाराशे रोपं तिने एकटीने लावली होती.

ती उठली, चुलीतून एक निखारा चिमट्याने बाहेर काढला आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यावर टेकवायला गेली. त्याने तिचा हात धरून मागे ओढला.

"काही कळत नाही मला," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. तेव्हा दोनच बोटं होती, आता दोन्ही हातांची सगळीच बधिर झालीत. वाटलं होतं, इतक्या वर्षांची सवय आहे, हात आपोआप करतील. मूळ टेकलं असं समजून वर ओढत होते. ते टेकतच नव्हतं, किंवा कधीच टेकून मुडपलेलं असायचं. तुमची झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा कळलं."

"आणि डॉक्टर?"

"शेवटच्या खेपेला आपल्या मुलीकडे गेले होते तेव्हा दाखवलं. म्हणाले, उशीर झालाय. आहे ते टिकवा."

मुलीला ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक होतं. तो त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसून रोज तिच्या हातांकडे बघत होता, आणि त्याला काय दिसत होतं, तर तोरा. त्याला राग आला. कुणाचा ते नीट कळेना, म्हणून तो तिच्यावरच काढला.

"मला का नाही सांगितलंस?"

बाई म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं असतं हो. आणि ते बरं वाटणं मला तुमच्या तोंडावर बघायचं नव्हतं."

तासाभरापूर्वी डोंगरावर बसून तो एकटाच हसला होता ते तिने बघितलं नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं होतं. त्याने गोणपाट पुन्हा गुंडाळलं आणि झाडासकट चुलीमागच्या लाकडांत खुपसलं. पण म्हणून त्याचं मन एकाएकी मोठं झालं असं कुणी समजू नये. दहाच्या सुमाराला डोंगर चढताना तो स्वतःशी हेच म्हणत होता, की मी तोंडही उघडणार नाही. जे मूळ आहे ते मूळ बोलेल. माझा दगड माझ्या हक्काचा आहे, आणि ती आजारी असली म्हणून मी तो का सोडायचा? बाई त्याच्यामागे दहा पावलांवरून येत होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे बघणाऱ्यांना काही वेगळं वाटलं नाही.

वर साहेब होते, गडी होते, वाटिकेतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. माती तपासणाऱ्या मॅडम बुटक्या, सावळ्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी एक लांब पोकळ सळई जमिनीत चार ठिकाणी फिरवून खालची माती वर काढली, तळहातावर घेतली, चुरली, वास घेतला. तो वास घेण्याचा प्रकार बघून मुकादमाला त्या एकदम आपल्यातल्या वाटल्या. मग त्यांनी गड्यांना पहिलं झाड उकरायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला.

"हे खड्डे कुणी खणलेत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

साहेबांनी मुकादमाकडे बोट केलं. गडी जमिनीकडे बघायला लागले.

"असा खड्डा मी कित्येक वर्षांत बघितला नाही," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात दाखवायला न्यावा असा आहे. मातीत काही दोष नाही."

एकतीस वर्षांनी ते वाक्य आलं. साहेबांसमोर आलं, गड्यांसमोर आलं, बायकोसमोर आलं. मुकादमाला वाटलं होतं असं कधी झालं तर आपली छाती फुगेल, आपण इकडेतिकडे बघू. पण त्याला पुढचं वाक्य ठाऊक होतं, आणि तो त्याचीच वाट बघत उभा राहिला.

मॅडमनी झाड बाहेर ओढलं, मुळावरची माती पुसली आणि ती गाठ साहेबांना दाखवली. दुसरं झाड उपटलं, तिसरं उपटलं. पाचही तशीच निघाली. "मूळ दोन बोटांवर मुडपलंय," त्या म्हणाल्या. "ही चूक पिशवीत लावतानाची आहे. हा डोंगर पुन्हा लावावा लागेल."

एकेक करून सगळी तोंडं बाईकडे वळली. साहेबांचं वळलं, गड्यांचं वळलं, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींचंही वळलं. त्यात एक नजर अशी होती जी मुकादमाने लगेच ओळखली. पिशव्या भरणाऱ्या त्या मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं, अगदी थोडंसं समाधान होतं. बाई दोन्ही हात पदराखाली न घेता तशीच उभी होती आणि बोलायला तोंड उघडत होती.

मुकादमाच्या डोक्यात सणक गेली. बावीस वर्षं जळलो ते मी. रात्रंदिवस, उठता-बसता, तिच्या प्रत्येक कौतुकाच्या शब्दाला जळलो. आणि आता तिला पडताना बघायचा मान या कालच्या पोरीला? तिच्यावर जळायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. तो त्याने कुणाला दिलेला नव्हता.

"तो सगळा लॉट मी लावला होता," तो म्हणाला.

साहेबांना आधी कळलंच नाही. "तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. हौस. सुट्टीच्या दिवशी वाटिकेत येऊन लावली. म्हटलं, माझ्या डोंगराची रोपं माझ्या हाताची असू देत."

"साहेब, हे खोटं..." बाई म्हणाली.

"तू गप्प बस. तुझा पाय मुरगळला होता तेव्हा, तुला काय माहीत?"

आणि गंमत अशी, की सगळ्यांना ते ताबडतोब पटलं. त्यात काय एवढं, मीसुद्धा लावीन, हे त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस मळ्यावर नव्हता. एक गडी फिस्सकन हसला. मग बायका हसल्या. लागवडीच्या वर्षी वाटिकेत असलेल्या मुली लग्न होऊन कधीच्याच गेल्या होत्या, त्यामुळे तसं नव्हतं म्हणून सांगायला कुणी उरलं नव्हतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुकादमाच्या जाडजूड, भेगाळलेल्या हातांकडे बघितलं, मग बाईच्या हातांकडे बघितलं, आणि त्या आपली सळई पुसायला लागल्या.

साहेब रागाने लाल झाले होते. बाराशे झाडं आणि चार वर्षं. त्यांनी तिथल्या तिथे मुकादमी काढून घेतली. म्हणाले, लावायची हौस आहे ना एवढी? मग उरलेलं वर्ष बाईंच्या हाताखाली बसा आणि नीट शिका. यावर तर हशा आवरेना.

उतरताना बाई त्याच्याबरोबरीने चालत होती. बरंच खाली आल्यावर तिने विचारलं, "बरं वाटलं का?"

त्याने जरा विचार केला. "सकाळी वाटलं होतं," तो म्हणाला. "आता नाही."

वरचा डोंगर त्या हंगामानंतर साफ करण्यात आला. नव्या मुकादमाने तेच खड्डे पुन्हा उघडले. कुदळ कशी आपसूक आत जाते याचं त्याला नवल वाटलं म्हणे. झाडं मोठी झाली की दगडावर आता त्याचं नाव येणार होतं. तोवर दगड कोराच होता, आणि गडी त्यावर बसून शिदोरी सोडत.

मुकादम वाटिकेत बाईसमोर एका खोक्यावर बसायला लागला. मधे पिशव्यांची रांग. बाई खुंटीने भोक पाडायची, टोपीवालं रोप दोन बोटांत धरून आत सोडायची. मग त्याची बोटं पुढे येत आणि तिच्या बोटांखाली रोप धरत. पहिले काही दिवस त्यालाही कळेना. निम्मी रोपं त्याने मोडली. त्यात काय एवढं म्हणणाऱ्याला त्यात काय असतं ते कळायला तीन महिने लागले. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई नवऱ्याला हाताला धरून शिकवतेय.

पुढच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा तेही हेच म्हणाले. पिशव्या भरणाऱ्या मुलीने त्यांना सगळी हकीकत रंगवून सांगितली, अगदी त्याच्यासमोर. पाहुण्यांतल्या एका बाईंनी तर डोळे टिपले. एवढं नुकसान केलं नवऱ्याने, म्हणाल्या, तरी किती सांभाळून घेतात. मन मोठं लागतं त्याला. आणि हात तर बघा, अजून बघतसुद्धा नाहीत.

मुकादमाच्या पोटात दुखायला लागलं. तेच जुनं, ओळखीचं दुखणं. त्याने दात-ओठ खाल्ले, मान खाली घातली आणि पुढची पिशवी ओढली. बाईने रोप भोकात सोडलं. पाहुण्यांकडे बघून ती हसत होती, आणि ओठ फारसे न हलवता तिने त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "टेकलं का?"

"टेकलं," तो म्हणाला, आणि त्याने रोप नखभर वर ओढलं.